दुसऱ्याच्या नावाला ओ

खात्या पाडवीला हाक मारून उपयोग नसतो. सावरखोदऱ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याच्याशी काम असेल तर त्याच्या शेतापर्यंत चालत जायचं, समोर उभं राहायचं आणि मग बोलायचं. लांबून कितीही ओरडलं तरी तो मान वळवत नाही. गावात नव्याने आलेल्या आरोग्यसेविकेने तो बहिरा आहे असं समजून त्याचे कान तपासले. कान ठणठणीत निघाले. घाटाच्या खालच्या वळणावर तळोद्याची जीप गिअर बदलते, तो आवाज साऱ्या गावात आधी खात्यालाच येतो.

ओ देणं त्याने सोडलं, त्याला सीमाच्या वयाइतकी वर्षं झाली. सीमा त्याची पुतणी, धाकट्या भावाची, दोधूची मुलगी. दोधू दिसेनासा झाला तेव्हा ती आईच्या पाठीवरच्या झोळीत होती.

काय झालं ते कळायला गावाची एक रीत माहीत हवी. सातपुड्यातल्या या गावात घरं लांब लांब, जो तो आपापल्या टेकाडावर. गावबैठक भरली की कारभारी मोहाच्या झाडाखाली उभा राहून एकेका घरधन्याचं नाव घेतो. तो माणूस ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असो नाहीतर तापाने पडलेला असो, त्याचा भाऊ, बायको, नाहीतर शेजारी त्याच्या वतीने ‘हाय’ म्हणतो. नाव माणसाचं घेतलेलं असतं, पण विचारणा घराची असते. घर बैठकीत आहे, बैठक ठरवेल ते घराला मान्य आहे, इतकाच त्या ‘हाय’चा अर्थ. एखाद्या नावानंतर कोणीच बोललं नाही तर ते घर गावातून तुटल्यासारखं वाटतं. म्हणून कोणाच्याही नावानंतर गाव शांतता पडू देत नाही. आणि एकदा दिलेली ओ कोणी परत घेत नाही.

वनजमिनीच्या दाव्यांसाठी निघालेला मोर्चा त्या वर्षी तालुक्याच्या गावी अडवला गेला. पोलिसांनी सगळ्यांना कापसाच्या एका रिकाम्या गोदामात नेऊन बसवलं. दोधूच्या गळ्यात ढोल होता. दुपारी दोन शिपाई आत आले आणि ‘ढोलवाला कोण?’ असं विचारून त्याला घेऊन गेले. जाताना त्याने ढोल भावाच्या मांडीवर ठेवला. उन्हं कलल्यावर एक जमादार दारात उभा राहून नावं वाचू लागला. ज्याचं नाव येईल त्याने ओ द्यायची आणि बाहेर पडायचं.

‘दोधू उखाड्या पाडवी.’

खात्याच्या तोंडून ‘हाय’ गेलं. विचार करण्यासारखं त्यात त्याला काही दिसलंच नाही. भाऊ असेल बाहेर कुठेतरी, त्याचा ढोल आपल्याजवळ आहे, त्याचं घर आपलंच आहे. जमादाराने कागदावर नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

दोधू बाहेर नव्हता. जीपच्या थांब्यावर नव्हता. घरीही आला नाही. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं ठाण्यात गेली, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की तो काल सगळ्यांबरोबरच सुटला, नाव घेतल्यावर स्वतः हजर म्हणाला. खात्या तिथेच, माणसांच्या मागे उभा होता. ‘ती ओ माझी’ हे त्याने सांगितलं, पण पुढे बऱ्याच दिवसांनी, वकिलासमोर. वकिलाने वरच्या कोर्टात अर्ज केला, माणूस हजर करा म्हणून. सोडून दिलेला माणूस आम्ही आणायचा कुठून, असं उत्तर आलं. भावाचं म्हणणं मागाहून रचलेलं ठरलं.

तेव्हापासून कुठे बेवारस प्रेत सापडल्याची बातमी आली की खात्या जातो. प्रकाशा गावाजवळ तापीच्या पात्रात, रेल्वेच्या रुळांवर, घाटातल्या दरीत. हिवाळ्यात तो नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर मजुरीला असायचा. दिवसभर लाल मिरची पसरायची, संध्याकाळी खोकत सरकारी दवाखान्याच्या मागच्या दाराशी जायचं. शवागारातला माणूस त्याला ओळखू लागला होता. लांबूनच हात हलवायचा, ‘आज काही नाही, बाबा.’ अनोळखी माणसांचे इतके मेलेले चेहरे खात्याने पाहिले आहेत की भावाचा जिवंत चेहरा त्याला आता नीट आठवत नाही.

सणाला पितरांच्या नावाने मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतात. दोधूच्या नावाने कोणी सोडत नाही. धार सोडायची तर तो मेला असं म्हणावं लागेल, आणि ते म्हणायला कोणी तयार नाही. दोधूची बायको भुरीबाई हिने हातातली कडी उतरवलेली नाहीत. ती खात्याच्या शेजारच्याच घरात राहते आणि त्याच्याशी बोलत नाही. जेठाशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायचं नाही ही रीतच आहे. ‘सांगा कोणीतरी, भाकर वाढलीय,’ असं भिंतीकडे पाहून म्हणायचं. रीत संपते कुठे आणि बाकीचं सुरू होतं कुठे, हे या दोन घरांत कोणी कधी तपासलं नाही.

दिवेलागणीला नाल्याच्या बाजूने खात्याला एक आवाज येतो. दोधूचा नाही, त्याचा स्वतःचाच, तरुणपणीचा. नुसतं एक ‘हाय’. हे त्याने सीमाला सोडून कोणाला सांगितलेलं नाही. सीमा हसली नाही. एवढंच म्हणाली, ‘मोठाबा, मग तुम्ही त्या वेळी घरात बसत जा.’

सीमा नंदुरबारला कॉलेजात शिकते. तिथल्या एका शिबिरातून ती काही गोष्टी शिकून आली आणि यंदा माघात, नाल्यावरच्या पुलासाठी रस्त्यावर बसायचं गावाने ठरवलं, तेव्हा तिने सगळ्यांना मोहाखाली जमवलं. पावसाळ्यात नाला भरला की बाळंतिणीला झोळीतून न्यावं लागतं. दोघींना नेता नेताच गाठलं होतं मरणाने. त्यामुळे बसायचं यावर वाद नव्हता. वाद झाला तो सीमाच्या शिकवणीवर.

‘पोलिसांनी धरलं तर पहिलं काय विचारायचं?’ तिने विचारलं.

‘जेवायला कधी देता?’ कालीबाई म्हणाली. कालीबाई दोन टेकाडं पलीकडची म्हातारी, सावरखोदऱ्यातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. सगळे हसले.

‘ते दुसरं, आजी. पहिलं हे, की कशासाठी नेता? ते त्यांना सांगावंच लागतं. कुठे नेता, ते घरच्यांना कळवा म्हणायचं. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. वकील मागायचा, पैसे नसले तरी सरकार देतं.’

‘सरकारच्याच विरुद्ध, सरकारचाच वकील?’

‘हो.’

‘मग पूल का देत नाही म्हणते मी!’

पुन्हा हशा पिकला. तो ओसरल्यावर सीमा म्हणाली, ‘शेवटचं एक. पोलिसांनी नाव वाचलं तर ज्याचं त्यानेच ओ द्यायची. भावाची नाही, सुनेची नाही, शेजाऱ्याची नाही.’

आता कोणी हसलं नाही. एक म्हातारा जरा वेळाने म्हणाला, ‘आणि एखादा लघवीला गेलेला असला तर?’

‘तर पोलीस थांबतील.’

‘पोलीस थांबतील! ऐका रे, पोरगी काय म्हणते!’

खात्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी बसला होता. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि न पाहण्यासाठी सगळ्यांना थोडे कष्ट पडले.

रस्त्यावर बसले त्या दिवशी घोषणा जेमतेम घसा गरम होईपर्यंत चालल्या. परवानगीचा अर्ज सीमाने आधीच दिला होता. तो नामंजूर झाल्याचं पोलिसांनी तिथेच तोंडी सांगितलं. सीमा मोबाइल वर धरून चित्रण करत होती. मग गाड्या आल्या, धूळ उडाली, बायकांनी एकमेकींचे हात धरले, तरी ओढाताणीत सुटले. सगळ्यांना एका मंगल कार्यालयात नेण्यात आलं. फोन एका गोणीत जमा झाले. स्टेजवर थर्माकोलचं ‘शुभविवाह’ अजून लटकत होतं आणि नवरानवरीच्या सोनेरी खुर्च्यांपैकी एकीवर फौजदार बसले होते, दुसरीवर त्यांची टोपी.

भुरीबाईने बायकांमधून एक फेरी मारली आणि ती परत आली. तिने भिंतीकडे पाहून म्हटलं, ‘सांगा कोणीतरी. सीमा यात नाही.’

सीमाची मैत्रीण यामिनी म्हणाली, ‘तिला वेगळ्या गाडीत बसवलं. बरोबर एक शिपाईबाई होती.’

खात्या उठून हवालदाराकडे गेला. हवालदार नवनीत शहाद्याकडचा, अंगाने भरलेला, बोलायला मोकळा. ‘पोरगी दिसत नाही,’ खात्या म्हणाला.

‘यी जाई ना बाबा. कोठे जास ती? बैस तू.’

दुपार गेली. खिचडी आली. कालीबाईने ती चाखून ‘नवरीकडच्यांनी मीठ कमी घातलं’ असं जाहीर केलं. बायका हसल्या, भुरीबाई सोडून. खात्या दाराकडे पाहत बसला होता. खिचडी त्याने हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

उन्हं उतरल्यावर नवनीतने कार्यालयाचाच माइक हाती घेतला. ‘आयका! ज्यान्हं नाव निघी, त्यानी ओ देवानी, फोन लेवाना आनि बाहेर पडानं. गर्दी करू नका.’ आणि तो वाचू लागला. माणसं एकेक करून बाहेर पडू लागली. खात्याचं नाव आलं तेव्हा तो ओ न देता उठला आणि चालत नवनीतच्या समोर जाऊन उभा राहिला.

‘तुले तोंड नई का रे?’

नवनीतने खूण केली. खात्या दारापर्यंत गेला, पण उंबरा ओलांडला नाही.

‘सीमा दोधू पाडवी.’

ते मधलं नाव सगळ्या व्हरांड्यात, अंगणात, रस्त्यावर ऐकू गेलं. इतक्या मोठ्याने ते किती तरी वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. भुरीबाईने डोळे मिटले. दालनात शांतता पडली आणि लांबत गेली. नवनीतने मान वर केली. शांतता आणखी लांबली, आणि मोहाखाली जन्म काढलेल्या कालीबाईला ती सोसवेना.

‘हाय!’ ती म्हणाली.

नवनीतने खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

कालीबाईचा हात तोंडावर गेला. तोवर पुढचा माणूस ओ देऊन उठलासुद्धा होता. खात्या दारात उभा होता. भुरीबाई माणसांमधून वाट काढत त्याच्यासमोर आली. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि या घरात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा जेठाच्या तोंडाकडे पाहिलं.

‘बोला,’ ती म्हणाली. ‘या वेळी तरी बोला.’

‘नाही,’ खात्या म्हणाला. ते कोणाला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा म्हटलं, ‘नाही. ती इथे नाही. वाचणं थांबवा.’

‘आरे, आत्ते ती बाई बोलनी ना, हाय म्हणीसन!’ नवनीत म्हणाला.

सगळे कालीबाईकडे वळले. ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

‘मी बोलले. मी सीमा नाही.’ ती थांबली. पुढचं वाक्य सावरखोदऱ्यात कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. ‘माझी ओ मी परत घेते.’

लघवीची शंका काढणाऱ्या म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. नवनीतला हसू आलं. ‘साहेब, ओ परत लेस म्हणे!’

फौजदार हसले नाहीत. ते स्टेजवरून उतरून आले. ‘आजी, मुलगी बाहेर असेल. तुम्ही सगळे सुटलात. घरी जा. विनाकारण इथे थांबलात तर तो वेगळा गुन्हा होईल.’

‘करा,’ खात्या म्हणाला. ‘पण तिच्या नावापुढची खूण पुसा.’

‘खूण पुसायची म्हणजे काय? पाटीवर लिहिलंय का?’

‘मी तिची आई,’ भुरीबाई म्हणाली. ‘तिला कशासाठी नेलं आणि कुठे ठेवलं, ते मला सांगा. सांगावं लागतं तुम्हाला. सांगितलं की मी जाते.’

‘अटक केलेली नाही, बाई. थोडी चौकशी आहे.’

‘मग कुठे आहे चौकशी?’

बाहेर शेवटच्या जीपचा हॉर्न वाजत होता. ड्रायव्हर फाटकाशी येऊन ओरडला, ‘येणार का नाही? घाटात अंधार होईल!’ काही जण निघून गेले. त्यांना कोणी अडवलं नाही, नावंही ठेवली नाहीत. घरी गुरं होती, लेकरं होती. बाकीचे मात्र, सुटून बाहेर गेलेलेही, एकेक करून आत आले आणि सकाळी जिथे बसले होते तिथेच पुन्हा बसले. घोषणा कोणी दिली नाही. नवनीत माइक हातात धरून उभा राहिला, कारण वाचायला नावं होती पण उठायला कोणी तयार नव्हतं.

यामिनीला तिचा फोन मिळाला होता. फाटकाबाहेर उभं राहून तिने जिल्ह्याच्या विधी सेवा कार्यालयातल्या वकीलबाईंना लावला, सगळं सांगितलं, आत येऊन फोन फौजदारांपुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि ते पडवीत गेले. त्यांचं बोलणं कोणाला ऐकू आलं नाही. फक्त ‘नाही मॅडम’ आणि मग बऱ्याच वेळाने ‘हो मॅडम’ एवढं कळलं. परत येऊन त्यांनी नवनीतच्या हातातला कागद घेतला, त्यावर एक ओळ खोडली, शेजारी सही केली. नंतर त्यांनी जिन्याकडे पाहून हात केला.

वरच्या मजल्यावर, ‘वधूपक्ष’ अशी पाटी असलेल्या खोलीचं दार उघडलं. आधी शिपाईबाई बाहेर आली, तिच्यामागे सीमा.

दिवसभर सगळ्यांना वाटत होतं की ती ठाण्यात असेल. ती त्यांच्या डोक्यावर होती. जिन्याच्या मागच्या दाराशी एक गाडी, तोंड रस्त्याकडे करून, उभी होती. ती कोणासाठी, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. सीमाचे केस विस्कटलेले होते, बाकी ती ठीक होती. ‘फोन उघडून द्या म्हणत होते,’ ती आईला म्हणाली. ‘दिला नाही. चहा दिला त्यांनी. प्यायले.’

नवनीतने तिचं नाव पुन्हा वाचलं, या वेळी माइक बाजूला ठेवून. तिने ओ दिली. शिपाईबाईने तिचा फोन परत केला. मग उरलेली नावं झाली.

जीप गेली होती. ऊस उतरवून परतणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने त्यांना ट्रॉलीत घेतलं. कालीबाई पुढच्या टोकाला, सगळ्यांकडे पाठ करून बसली. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, आणि रागावून नव्हे, काय बोलायचं ते कोणाला सुचत नव्हतं. भुरीबाईने मुलीचं मनगट धरून ठेवलं होतं. खात्या समोर बसला होता. रस्ता चढाला लागला तसा गार वारा सुटला.

‘वर खिडकी होती,’ सीमा हळूच म्हणाली. ‘गज होते, पण आवाज येत होता. कालीआजी मिठाबद्दल बोलली तेव्हा मीही हसले. मग माइकवर माझं नाव आलं. मी उठले. शिपाईबाई म्हणाली, बस. मी ओ देणार, तेवढ्यात खालून ‘हाय’ आलं.’

भुरीबाईची पकड घट्ट झाली.

‘मी ओरडले, मोठाबा. पण माइकवर पुढचं नाव सुरू झालं होतं. शिपाईबाई मला म्हणाली, ऐकलंस ना, तू सुटलीस. आणि दाराला कडी लावली.’

ट्रॉली खड्ड्यातून गेली. खात्याने कडेची पट्टी धरली.

‘ओ कोणी दिली,’ त्याने विचारलं, ‘ते कळलं का वरून?’

‘कळलं ना. लगेच कळलं. आपल्या माणसाचा आवाज नाही का कळणार?’

खात्याने मागे पडणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. तालुक्याचे दिवे खाली लागले होते आणि घाटाच्या एकेका वळणाआड जात होते.

‘गोदामाच्या भिंती जाड होत्या,’ तो म्हणाला. ‘आतला आवाज बाहेर जात नसेल.’

त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.